आठ बोल्ट

सोमवार, ३ फेब्रुवारी

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आज टेम्पोवर चढवून आणली. गडद हिरवी, दोन सीटची, इतकी ठेंगणी की बाबांना आत बसायच्या आधी टोपी काढावी लागते. दोन वर्षांपूर्वी हिचं इंजिन आम्हीच पूर्ण सोडवून नव्याने जोडलं होतं. त्यानंतर गाडी चालली नऊ हजार दोनशे किलोमीटर. नीट जोडलेलं इंजिन याच्या दहापट चालतं.

"घाटात सरावाला गेले होते," बाई म्हणाल्या. "वरच्या वळणावर खालून कुणीतरी दार ठोठावायला लागलं. मी लगेच इंजिन बंद केलं."

"लगेच म्हणजे किती लगेच?" मी विचारलं.

"वळण संपल्यावर."

बाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत आणि दरवर्षी चढाच्या शर्यतीत उतरतात. यंदाची १६ मार्चला आहे.

बाबा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "उघडून बघतो. पण एक आत्ताच सांगून ठेवतो. माझ्या हाताने बिघडलं असेल, तर यापुढे या टेबलावर इंजिन चढणार नाही. चाकं, ब्रेक, तेलपाणी, बस्स."

शेजारचे लेथवाले काका दारात उभे होते. "राजीनामा आधी आणि चौकशी मागाहून, हे बरं आहे," ते म्हणाले. कुणी हसलं नाही. बाबा एकदा बोलले की बोलले, हे काकांनाही तीस वर्षांत कळलेलं आहे.

चौकशी मी करणार आहे. कंपनीत पाच वर्षं मी तेच करत होते: फुटलेलं इंजिन उघडायचं, कारण शोधायचं, लिहून द्यायचं. नोकरी सोडून परत आल्याला चार महिने झाले. बाबांनी अजून एकही इंजिन माझ्या एकटीवर सोपवलं नव्हतं. आज "तूच बघ" म्हणाले. मला आनंद झाला. चेहऱ्यावर दिसला नसावा.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

इंजिन फक्त चाळीस सेकंद सुरू केलं. एकेका सिलिंडरची ठिणगी तोडून ऐकलं. पहिला, दुसरा, काही फरक नाही. तिसऱ्याची तोडल्यावर ठोका निम्म्याने बसला. म्हणजे दुखणं तिसऱ्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाशी आहे, जिथे तो क्रँकशाफ्टला मिठी मारून बसतो.

तेल पांढऱ्या ट्रेमध्ये काढलं. उन्हात धरलं तर तळाशी तांबूस चमक. चुंबकाला चिकटत नाही. बेअरिंगचा वरचा मऊ थर संपून आतलं तांबं निघायला लागलं आहे.

काकांनी ट्रेमध्ये डोकावून पाहिलं. "सोनं सापडलं की गं तुम्हाला."

बाबांनी ट्रे बाजूला सरकवला. हल्ली ते कमी बोलतात. मला ते सोयीचं पडतं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

इंजिन बाहेर काढलं, उलटं केलं, खालचं चेंबर सोडवलं. मंगळवारी काढण्याआधी तेलाची पातळी पूर्ण होती, जाळी स्वच्छ, पंप ठीक. तेल न मिळाल्याने हे झालेलं नाही. तिसरा रॉड मात्र हाताने धरून हलवला तर टकटक वाजतो. त्याचे दोन बोल्ट नुसत्या मनगटाच्या जोरावर सुटले. ते तसे सुटता कामा नयेत.

आमच्या गॅरेजची एक रीत आहे. जो बोल्ट आवळतो तो त्याच्या डोक्यावर पांढरा ठिपका देतो. दुसरा माणूस पुन्हा पाना लावून तपासतो आणि लाल ठिपका देतो. या बोल्टांवर दोन्ही ठिपके आहेत. पांढरे बाबांचे. लाल माझे, त्या वेळी मी तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आले होते.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कारण सापडलं.

तिसऱ्या रॉडचे दोन्ही बोल्ट मायक्रोमीटरने मोजले. नवा बोल्ट ४८.०० मिलिमीटरचा असतो, ४८.३० च्या पुढे गेला की बाद. एक भरला ४८.५२, दुसरा ४८.४९. बोल्ट हा खरं तर अतिशय ताठ स्प्रिंग असतो. ठरल्यापेक्षा जास्त ओढला की लांबतो आणि परत मागे येत नाही. मग त्याची पकड जाते, रॉडचं खालचं टोपण हलायला लागतं आणि बेअरिंग खाल्लं जातं. थोडक्यात, बोल्ट जास्त आवळले गेले.

का, तेही उघड आहे. दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा खांदा धरलेला होता. दुखऱ्या हाताने पाना ओढला की शेवटी हिसका बसतो. किती जोराने आवळायचं तो आकडा चुकलेला असणं शक्य नाही. या इंजिनाचं पुस्तक परदेशी भाषेत आहे, त्यातून सगळे आकडे मीच एका तक्त्यावर मोठ्या अक्षरांत उतरवून दिले होते, दोनदा ताडून. तो तक्ता अजून टेबलामागच्या भिंतीवर आहे. आणि माझ्या लाल ठिपक्याचं म्हणाल, तर तपासणीचा पाना ठरल्या जोराला 'खट्' वाजतो. त्यावरून बोल्ट सैल नाही एवढंच कळतं. जास्त आवळला असेल तरी तो वाजतोच. त्यामुळे माझी तपासणी नियमाप्रमाणेच होती.

बाबांना कसं सांगायचं याचा सकाळभर विचार केला. शेवटी आकडे सांगितले, खांद्याचं नाही. त्यांनी एक बोल्ट घेतला, फडक्याने पुसला, आट्यांवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"तेल लावून चढवले होते आपण," ते म्हणाले.

"तुम्ही नेहमीच लावता."

"हो. नेहमीच." बोल्ट खाली ठेवून म्हणाले, "आकडा किती होता गं?"

मी सांगितला. ते मान हलवून मोरीशी गेले आणि खूप वेळ हात धूत राहिले. मी दुसरीकडे पाहिलं. चाळीस वर्षं इंजिनं जोडलेल्या माणसाला हे कळणं सोपं नसणार.

सोमवार, १० फेब्रुवारी

बाबांनी डॉक्टरीणबाईंना फोन केला. मी पलीकडे वॉशर निवडत होते. "बाई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "माझ्या हातून बोल्ट जास्त आवळले गेले. इंजिन पुन्हा जोडून देतो. ते शेवटचं."

सबब नाही, लांबण नाही. कंपनीत पाच वर्षांत असा एक फोन मी ऐकला नव्हता. मला त्यांचा अभिमान वाटला. इथे लिहून ठेवते. तोंडावर बोलायला मला जमणार नाही.

भिंतीवरचा तक्ता त्यांनी काढून ठेवला आहे. का, विचारलं तर म्हणाले, धूळ बसली होती.

जेवताना आईला सगळं सांगितलं. आई सुटे भाग मागवायचं काम बघते, तिला बोल्ट कळतात. ती म्हणाली, "जास्त आवळला? ह्यांनी? अगं, बरणीचं झाकणसुद्धा बोटांच्या टोकांनी लावतो हा माणूस. मुंग्या होतात म्हणून मी ओरडते."

"खांदा दुखत होता त्यांचा."

"दुखत होता म्हणून तर जास्तच हळू करत होते."

आई बाबांची बाजू घेणारच. बाबा वरण वाढून घेत राहिले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

क्रँकशाफ्ट घेऊन काकांकडे गेले. तिसरा रॉड बसतो त्या जागी ओरखडे आहेत; चारही जागा पाव मिलिमीटरने घासून घ्याव्या लागतील. काकांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुझे बाबा टेबल सोडणार म्हणे."

"ते बोलले आहेत तसं."

"तू काय मोजलंस?"

"बोल्ट. दोन्ही लांबलेत."

"दोन्ही म्हणजे? रॉड चार, बोल्ट आठ. बाकीचे सहा काय पाहुणे आलेत?"

मी तशीच परत आले आणि उरलेले सहा मोजले. मग आठही पुन्हा मोजले, थंड झाल्यावर, तोच मायक्रोमीटर शून्याला लावून.

४८.५२, ४८.४९, ४८.५०, ४८.५१, ४८.४८, ४८.५०, ४८.५१, ४८.४९.

दुखऱ्या खांद्याचा माणूस आठ वेळा एकसारखा हिसका देत नाही. हिसक्याचे आकडे विखुरलेले असतात. हे आठ आकडे एका रांगेत उभे आहेत. ज्याने कुणी आवळले त्याचा हात उत्तम होता. त्याला सांगितलेलं काहीतरी चुकीचं होतं.

एक गोष्ट लिहायलाच हवी. मला जे उत्तर हवं होतं ते दोन बोल्टांत मिळालं, म्हणून मी तिसरा हातात घेतला नाही. असा अहवाल कंपनीत कुणी आणून दिला असता तर मी तो न वाचता परत केला असता.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

सकाळी बाबांना विचारलं, तक्ता कुठे आहे.

"तक्ता कशाला?" ते म्हणाले. "पुस्तकातच बघ ना."

पुस्तक काढलं. पान २१४. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट. आकडा तोच, मी उतरवलेला, बरोबर. त्याच्या खांद्यावर एक चांदणी. मोहरीपेक्षा लहान. पानाच्या तळाशी त्या चांदणीची टीप: हा आकडा कोरड्या आट्यांसाठी; तेल लावल्यास एक पंचमांशाने कमी.

तेल लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. हे मी परीक्षेत लिहिलेलं आहे.

तक्ता टेबलाच्या खणात सापडला, पालथा ठेवलेला. माझं अक्षर सुरेख आहे. तक्त्यावर एकही टीप नाही. मला आठवतं, त्या मी गाळल्या होत्या. तक्ता स्वच्छ दिसावा म्हणून.

आज एवढंच.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाबा ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटा लांब ब्रशने साफ करत होते. मी समोर जाऊन उभी राहिले.

"बाबा, तो आकडा कोरड्या आट्यांचा होता."

ब्रश थांबला नाही. "हं."

"तुम्हाला माहीत होतं."

"शनिवारी कळलं. बोल्ट हातात घेतला तेव्हा."

"मग बाईंना खोटं का सांगितलंत?"

"खोटं कुठे? आवळले कुणी? मीच ना?"

"मी दिलेल्या आकड्यावर."

"तेलाचा आकडा की कोरडा, हे विचारायचं काम माझं. दुसऱ्या कुणी कागद आणून दिला असता तर दहा प्रश्न विचारले असते त्याला."

"मग मला का नाही विचारलंत?"

त्यांनी ब्रश बाहेर काढला, टोकाकडे पाहिलं. "भिंतीवर लावायची घाई झाली होती," ते म्हणाले. "काकाला बोलावून दाखवला होता मी. तुझ्या आईलाही."

मी दुसरा ब्रश घेतला आणि पलीकडच्या बाजूने सुरू केलं. चारही वाटा झाल्यावर मी म्हणाले, "गाडी आली त्या दिवशी तुम्ही 'माझ्या हाताने बिघडलं असेल तर' असं म्हणाला होतात. तुमच्या हाताने बिघडलेलं नाही. आठही बोल्ट चार शतांश मिलिमीटरच्या आत आहेत. त्यामुळे टेबल सोडायचा प्रश्न येत नाही."

"बाईंना शब्द देऊन झालाय."

"चुकीच्या माहितीवर दिलेला आहे. मी उद्या दुरुस्त करते."

"नको," ते एकदम म्हणाले. "तुला इथे उभं राहायचंय अजून. पहिल्याच कामाला तुझं नाव खराब नको व्हायला."

"आणि तुमचं झालेलं चालेल?"

"माझं चाळीस वर्षांचं आहे. एक ओरखडा खपून जातो."

"ओरखडा किती खोल आहे ते मोजल्याशिवाय कसं कळणार?"

ते हसले. "कंपनीत साहेबांशी असंच बोलायचीस?"

"म्हणून तर इथे आहे."

शनिवार, १५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात गेले. त्यांच्या खोलीत बसायला खुर्ची एकच, रुग्णाची. तिच्यावर बसले. त्यांनी सवयीने दिवा माझ्या तोंडावर वळवला आणि मग बंद केला.

मी सरळ सांगितलं. आकडा, चांदणी, गाळलेली टीप. बाबांनी दोष का घेतला तेही. बाई हातमोजे काढत ऐकत होत्या.

"मी शिकत होते तेव्हा एका गृहस्थांचा चांगला दात उपटला होता," त्या म्हणाल्या. "किडलेला शेजारीच होता. आमचे सर आत आले आणि म्हणाले, माफ करा, माझ्याकडून चूक झाली."

"मग?"

"मग काय. मी गप्प बसले. छत्तीस वर्षं झाली." त्यांनी मोजे डब्यात टाकले. "आता बोल्ट कोण आवळणार?"

"बाबा. त्यांच्याइतका सारखा हात मी दुसरा पाहिलेला नाही. माझ्याकडे आठ आकडे आहेत."

"आणि तपासणार कोण?"

"मी. या वेळी पान्याच्या आवाजावर नाही, बोल्टची लांबी मोजून."

"मग गाडी आहे तिथेच राहू दे. आणि वडिलांना सांगा, त्यांनी दिलेला शब्द मी परत करते आहे. मला नको तो." मग त्यांनी दिवा पुन्हा लावला. "आलाच आहात, तर आ करा."

केला.

"झोपेत दात चावता तुम्ही. दाढा झिजल्यात."

"झीज मर्यादेत आहे का?"

"आहे," बाई म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की बाहेरचा रुग्ण डोकावून गेला. मी गंभीरपणे विचारलं होतं.

घरी येऊन निरोप सांगितला. बाबा म्हणाले, "बघू. हे एक तर पुरं होऊ दे."

शनिवार, १ मार्च

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नव्हतं. धुणं, मोजणं, वाट पाहणं. क्रँकशाफ्ट काकांकडून आला, आरशासारखा. जुना तेलकूलर टाकून दिला. त्याच्या नळ्यांत तांब्याचा कण लपला तर कुणाच्या बापाला सापडणार नाही. तिसरा रॉड नवा, बाकी तिघांच्या वजनाशी एका ग्रॅमच्या आत जुळवलेला. बोल्ट आठही नवे.

आज ते आवळले. मी प्रत्येक बोल्ट स्पिरिटने पुसून दिला. कोरडा बोल्ट हातात घेताना बाबांचा चेहरा मीठ नसलेली भाजी खाल्ल्यासारखा होत होता. प्रत्येक वेळी विचारत होते, "कोरडा?" मी म्हणायची, "कोरडा." मग ते पाना ओढायचे. ते पाना ओढतात तेव्हा खांदा हलत नाही. सगळं अंग मागे जातं, सावकाश, एखादं जड दार उघडावं तसं. हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. आज पहिल्यांदा मोजलं.

बसवण्याआधी किती, आवळल्यावर किती. वाढ ०.१४ ते ०.१६ मिलिमीटरच्या मध्ये हवी. आठही ०.१५. दोन ठिकाणी मापकाची सुई केसभर पुढे.

कंपनीत हे काम यंत्र करतं. यंत्राने आवळलेले इतके सारखे बोल्ट मी पाहिलेले नाहीत. हे मी बाबांना सांगितलं. मोठ्याने.

"यंत्राला दुपारची झोप मिळत नाही," ते म्हणाले आणि कान चोळत पाणी प्यायला गेले.

बुधवार, ५ मार्च

इंजिन गाडीत बसलं. आधी ठिणगी न देता फिरवलं. तेलाच्या दाबाचा काटा उठायला अकरा सेकंद लागले. ते अकरा सेकंद आई दारात हाताची घडी घालून उभी होती. ती गॅरेजात सहसा येत नाही.

मग चावी बाबांनी माझ्या हातात दिली.

दुसऱ्या प्रयत्नात सुरू झालं. काकांनी लोखंडी सळईचं एक टोक ब्लॉकला आणि दुसरं कानाला लावलं. "मला तर काही ऐकू येत नाही."

"कान गेले असतील," बाबा म्हणाले.

"गेले असते तर तुझी बडबड ऐकावी लागली नसती."

गरम झाल्यावरही दाब उतरला नाही. वीस मिनिटं मी काट्यावरून नजर काढली नाही. आई म्हणाली, "पापणी तरी लव."

रविवार, १६ मार्च

बाईंनी दहा दिवसांत आठशे किलोमीटर सांगितल्याप्रमाणे सावकाश चालवली, आणि आज अजिबात सावकाश चालवली नाही. आई, बाबा आणि मी वरच्या वळणापाशी उभे होतो. गाडी दिसायच्या आधी आवाज आला. बाबांनी डोळे मिटून ऐकलं. मी आवर्तनं मोजायचा प्रयत्न केला; मिनिटाला आठ हजाराच्या जवळपास असावीत. ठोका नाही.

एकोणीस गाड्यांत बाई अकराव्या आल्या. मागच्या वर्षीपेक्षा चार सेकंद कमी. खाली आल्यावर त्यांनी आयोजकांना माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, "ही माझी इंजिनवाली." मी हात पुढे केला. आईने नंतर सांगितलं की मी हसत होते.

सोमवार, १७ मार्च

शर्यतीनंतरचं तेल काढलं. ट्रे स्वच्छ. मग फिल्टर कापला, आतला घडीचा कागद सोडवून पूर्ण लांब केला आणि उन्हात धरला. इंजिन आतून झिजत असेल तर ते या कागदावर लिहिलेलं असतं. भिंग घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. चुंबकही फिरवला. काही नाही.

"दे इकडे," बाबा म्हणाले.

त्यांनी तो कागद दोन्ही हातांनी पसरून धरला आणि तसेच बाहेर पडले. आधी काकांकडे. मग पलीकडे टायरवाल्याकडे. मग रस्ता ओलांडून वेल्डिंगवाल्याकडे; त्याने तोंडावरची काच वर करून पाहिलं. मी दारातून बघत होते. प्रत्येक ठिकाणी ते काळ्या तेलकट कागदावर बोट फिरवून दाखवत होते की इथे काही नाही, इथेही नाही, आणि इथेही नाही. टायरवाल्याला त्यातलं काही कळलं नसणार. तरी तो मान हलवत होता.

ते परत आले तेव्हा आई फोनवर होती. दूधवाल्याच्या व्हॅनचं इंजिन जाम झालंय, सोडवून जोडून द्याल का, असं पलीकडून विचारत होते. आईने फोनवर हात ठेवून बाबांकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"उद्या आणू दे," बाबा म्हणाले.

"कुठे उतरवायचं?" मी विचारलं. मला स्पष्ट उत्तर हवं होतं.

"कुठे म्हणजे?" ते माझ्यावरच चिडले. "टेबलावर, आणखी कुठे?"

टेबल पुसून ठेवलं आहे.